प्रकरण अभ्यास: हिरड्यांतलं रक्त आणि बंद होत चाललेलं तोंड

रुग्ण पुरुष, वय ४३. पूर्व नागपुरात पारडीला राहतो आणि कळमना बाजारातून भाजी-फळं वाहणारा स्वतःचा छोटा हत्ती, म्हणजे छोटा मालवाहू टेम्पो, चालवतो. ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. तक्रार त्याच्याच शब्दांत अशी होती: "ब्रश केला का रक्त येते मॅडम, तोंडाचा वास येते, अन् खालचे समोरचे दोन दात हालून रायले." त्रास तीन महिन्यांपासूनचा.

दवाखान्यात येण्याआधी त्यानं काय काय करून पाहिलं होतं ते इथे नोंदवते, कारण आमच्याकडे पोहोचणारे बहुतेक जण याच वाटेनं येतात. आधी मीठ आणि मोहरीचं तेल, मग तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या. त्यानंतर जाहिरातीत पाहिलेली महागडी पेस्ट. शेवटी औषधाच्या दुकानातून अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या. गोळ्यांनी आठवडाभर बरं वाटलं, नंतर पुन्हा तेच. ब्रश लावला की रक्त येतं म्हणून त्यानं ब्रशच सोडला आणि बोटानं मंजन फिरवायला लागला. रक्त येणाऱ्या हिरडीला हात लावू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. खरं तर त्याच हिरडीला सफाईची सगळ्यात जास्त गरज होती.

केसपेपरवर 'तंबाखू' या शब्दापुढे त्यानं 'नाही' लिहिलं होतं. खोटं बोलावं म्हणून नाही. त्याच्या लेखी तो सुपारी खात होता.

"खर्रा?" मी विचारलं.

"थोडाफार चालते जी."

शेजारी बसलेली बायको गप्प राहिली नाही. "थोडाफार नाही मॅडम. दिवसाचे सहा-सात होते यायचे. रात्री गालात धरूनच झोपतात."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून पानठेल्यावर जोर लावून घोटतात, तो खर्रा. वजनानं त्यात सर्वात जास्त भाग सुपारीचा असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पुढच्या आदेशांत खर्रा आणि मावाही आले, तरी खर्रा ठेल्यावर समोर घोटून मिळतो. २०१६-१७ च्या प्रौढांमधल्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूर न काढता खायची किंवा लावायची तंबाखू वापरत होते, म्हणजे जवळजवळ चौघांत एक. पहाटे कळमन्यात माल भरायचा, दुपारी उन्हात गाडी हाकायची, संध्याकाळी पुन्हा भाडं. झोप उडवायला आणि भूक मारायला खर्रा लागतो, असं हे ड्रायव्हर सांगतात, आणि त्यांच्या दिवसाचं वेळापत्रक पाहिलं की त्यांचं म्हणणं समजतं.

तोंड उघडायला सांगितलं तेव्हा

हिरड्या बघण्याआधी तोंड किती उघडतं हे मी प्रत्येक रुग्णाचं मोजते. नागपुरात तरी कुठल्याही दंतवैद्यानं हे चुकवू नये असं माझं ठाम मत आहे. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर प्रौढ पुरुषात साधारण ४० मिमी किंवा त्याहून जास्त असतं. घरी पाहायचं तर स्वतःच्याच हाताची तीन बोटं उभी करून दातांमध्ये सहज जायला हवीत. या रुग्णाचं अंतर २४ मिमी भरलं. दोन बोटंही कशीबशी जात होती.

तोंड कमी उघडतं हे त्याला ठाऊक होतं का? नव्हतं. हा आजार इतका हळू चालतो की माणूस त्याच्याशी जुळवून घेत जातो. पण खाण्याबद्दल विचारायला लागल्यावर सगळं बाहेर आलं. सावजीचा रस्सा दोन वर्षांपासून बंद, कारण पहिल्या घासालाच तोंडाची आग होते. ही आग त्यानं अ‍ॅसिडिटीच्या खात्यात टाकली होती आणि तिच्या गोळ्या खात होता. पोळीचा घास लहान झाला होता. आणि बायको म्हणाली, ठेल्यावर मुलं गुपचूप (पाणीपुरी) खातात तेव्हा हे फोडून खातात, अख्खी पुरी तोंडात जातच नाही. गुपचूप तोंडात मावत नाही, ही माझ्यासाठी एक्स-रेइतकीच महत्त्वाची खूण आहे.

आत पाहिलं तर दोन्ही गालांचं अस्तर गुलाबी नव्हतं, फिकट पांढुरकं झालं होतं. बोटानं चाचपल्यावर गालात उभे ताठ पट्टे लागत होते. टाळूच्या मागची पडजीभ आकसलेली, आणि जीभ बाहेर काढायला सांगितली तर ओठांच्या थोडीच पुढे येत होती. डाव्या गालाच्या खालच्या खोबणीत, जिथे खर्रा धरून ठेवायची सवय होती, तिथे सुमारे दीड सेंटिमीटरचा खरबरीत पांढरा चट्टा होता. घासून निघत नव्हता, म्हणजे बुरशी नव्हे. आणि त्याच्या एका कडेला लहानसा लाल भाग होता. पांढऱ्यापेक्षा या लालनं मला जास्त काळजीत टाकलं. तोंडातल्या लाल किंवा लाल-पांढऱ्या मिश्र चट्ट्यांत कर्करोगाचे बदल सापडण्याची शक्यता निव्वळ पांढऱ्यापेक्षा बरीच जास्त असते.

तो ज्या हिरड्यांसाठी आला होता त्या सुजलेल्या, गर्द लाल, आणि सळई टेकवली की रक्त. खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला किटणाचा सलग थर होता. दात आणि हिरडी यांच्यातली फट निरोगी तोंडात १ ते ३ मिमी असते. इथे बऱ्याच ठिकाणी ५, काही ठिकाणी ७. पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये खालच्या पुढच्या दातांभोवतीचं हाड निम्म्याहून अधिक खाली गेलेलं दिसलं. मागच्या दाढांपर्यंत आरसा नेणंच अवघड होतं. ब्रश तिथे पोहोचत असेल हे शक्यच नव्हतं.

रक्तामागे आणखी काय असू शकलं असतं

हिरडीतून रक्त म्हणजे पायोरिया, हे समीकरण बहुतेक वेळा बरोबर निघतं, पण डोळे मिटून मांडता येत नाही. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट घसरलेला रुग्ण आधी हिरडीतल्या रक्तासाठी येऊ शकतो. रक्ताच्या कर्करोगात हिरड्या सुजून रक्ताळतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात आणि रुग्ण सांगायला विसरतो. मिरगीवरचं फेनिटॉइन किंवा रक्तदाबावरचं अ‍ॅम्लोडिपिन हिरड्या फुगवू शकतं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे थोड्याशा थरानंही हिरडी सुजते. आहारात फळं-भाज्या नसल्या तर क जीवनसत्त्वाची कमतरता. म्हणून या रुग्णाची संपूर्ण रक्ततपासणी केली, साखर पाहिली, आणि दात काढावे लागणार हे दिसत असल्यानं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणीही केली. विदर्भात सिकलसेल पुरेसा आढळतो, त्यामुळे दात काढण्याआधी तो विचारून घेणं इथल्या दवाखान्यांचा नेमच असायला हवा.

प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी ठीक. सिकलसेल नाही. हिमोग्लोबिन ११.२, म्हणजे कमी. आणि उपाशीपोटी साखर १८६, एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी, ९.४ टक्के.

त्याला मधुमेह आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. रात्री तीनदा लघवीला उठणं आणि सतत तहान लागणं चालू होतं, पण महिना मे होता, पारा ४५ च्या आसपास, आणि नागपुरात मे महिन्यात कुणाला तहान लागत नाही? आजार उन्हाळ्याच्या मागे लपून गेला होता.

तीन कारणं, एकमेकांत गुंतलेली

या एका तोंडात तीन आजार होते, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं.

हिरडीच्या आजाराचं मूळ कारण दातावर साचणारा जिवाणूंचा चिकट थर. डेन्मार्कमधल्या आर्‌हूस इथे हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. इतका सरळ पुरावा वैद्यकात क्वचित मिळतो. थर काढला नाही तर लाळेतले क्षार त्यात बसून तो घट्ट होतो, बोअरच्या पाण्यानं तोटीवर पांढरा खडा जमतो तसा, आणि मग ब्रशनं निघत नाही. त्या खरबरीत पृष्ठभागावर नवा थर अधिक सहज धरतो. काही लोकांत ही सूज हिरडीपुरती थांबते. काहींत ती खाली उतरून दात धरून ठेवणारं हाड खाते. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच हे हाड झिजवते, जिवाणू फक्त तिला सतत चिथावत राहतात. गोळ्यांनी आठवडाभर बरं वाटून पुन्हा त्रास का झाला, त्याचं उत्तर इथे आहे: थरात दडलेल्या जिवाणूंपर्यंत प्रतिजैविक पुरेसं पोहोचत नाही, आणि किटण गोळीनं विरघळत नाही. ते खरवडूनच काढावं लागतं.

हाड कुणाचं किती झिजेल, हे ठरवण्यात साखरेचा मोठा वाटा असतो. रक्तात साखर सतत जास्त राहिली की पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं, लहान रक्तवाहिन्या बिघडतात, जखम भरायला वेळ लागतो आणि सूज लांबते. २०१७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी हिरड्यांच्या आजाराचं नवं वर्गीकरण केलं, त्यात मधुमेही रुग्णाचं एचबीए१सी ७ किंवा अधिक असेल तर आजार सर्वात वेगानं वाढणाऱ्या गटात धरावा असं ठरलं. नातं उलट दिशेनंही चालतं. हिरडीतली जुनी सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांचे नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरतं, असं अनेक चाचण्या एकत्र करून दिसलं आहे. आकडा लहान वाटेल, पण तो औषध न वाढवता मिळतो.

तिसरा आजार गालातला. त्याला वैद्यकात ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, म्हणजे अस्तराखाली तंतू जमून गाल ताठ होणं. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये त्याचं वर्णन झालं, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हटलं. तेव्हा कारण ठरलं नव्हतं. तिखटावर, जीवनसत्त्वांवर बोट ठेवलं गेलं. आज कारणाबद्दल शंका नाही. ते सुपारी आहे.

इथे थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण लोकांच्या डोक्यात सगळा दोष तंबाखूचा आहे आणि सुपारीला आपण पूजेच्या ताटात ठेवतो. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन नावाचं रसायन अस्तराखालच्या पेशींना जास्त तंतू बनवायला लावतं. तिच्यातली टॅनिन तयार झालेले तंतू विरघळू देत नाहीत. सुपारीत तांब्याचं प्रमाणही बरंच असतं, आणि तांबं ज्या विकराला (एन्झाइमला) चालना देतं तो तंतूंची एकमेकांशी घट्ट वीण घालतो. वर चुना. चुन्यानं मिश्रण अल्कधर्मी होतं, त्यामुळे अ‍ॅरेकोलिन आणि निकोटिन दोन्ही अस्तरातून जास्त वेगानं आत शिरतात, आणि चुना स्वतःही अस्तर भाजतो. सुपारीचे टणक कण गालाला रोज बारीक ओरखडे पाडत राहतात. तंबाखूशिवाय नुसती सुपारी खाणाऱ्यांनाही हा आजार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखू असो वा नसो, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या ६६ रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा झाला. त्यांतल्या ७.६ टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला.

आता गुंता पाहा. सुपारीनं तोंड आवळलं म्हणून ब्रश मागे पोहोचेना, थर वाढला. तोंडाची आग होते म्हणून पालेभाजी, फळं, तिखट सगळं सुटलं, हिमोग्लोबिन उतरलं, आणि लोह कमी झालं की अस्तर आणखी पातळ होऊन आग वाढते. साखरेनं हिरडीचं हाड झपाट्यानं नेलं. तंबाखूतल्या नायट्रोसअमाइन या रसायनांचं काम गालातल्या खोबणीत चट्ट्याच्या रूपात चालूच होतं. रुग्णाला या सगळ्यातून दिसत होतं फक्त रक्त.

उपचारांचा क्रम

क्रम चुकला असता तर या रुग्णाचं नुकसान झालं असतं, म्हणून तो थोडा तपशिलात देते.

चट्ट्याचा तुकडा सर्वात आधी तपासायला पाठवला. लाल भाग असल्यानं साखर आटोक्यात येण्याची वाट पाहिली नाही. अहवाल आला: कर्करोग नाही, पण पेशींमध्ये सौम्य बदल. बायकोनं 'नाही' एवढंच ऐकलं आणि रडायला लागली. तिला शांतपणे समजावावं लागलं की हा निकाल सुटकेचा नाही, मुदतीचा आहे.

त्याच आठवड्यात त्याला फिजिशियनकडे पाठवलं. मेटफॉर्मिन सुरू झालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गाल मोकळे करण्यासाठी हायल्युरोनिडेज आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं गालातच देतात, पण स्टेरॉइडनं साखर चढते. म्हणून ती मुद्दाम मागे ठेवली. साखर उतरायला लागल्यावरच, फिजिशियनला विचारून, ती सुरू झाली.

हिरड्यांची सफाई टप्प्याटप्प्यानं केली, एकदम नाही, कारण तोंड इतकं कमी उघडत असताना लांब बैठक झेपत नाही. पहिल्या सफाईनंतर तो काळजीनं परत आला. "दातात फटी पडल्या मॅडम, दात तर आणखीच हालून रायले." ही शंका नागपुरात इतकी खोल रुजली आहे की तिच्यापायी लोक सफाईच टाळतात. फटी सफाईनं पडत नाहीत. हाड आधीच गेलेलं असतं, सूज उतरते, किटणानं बुजलेली जागा रिकामी होते आणि खरी परिस्थिती दिसायला लागते. काही दिवस गार-गरम झणझणतंही. हे आधी सांगितलं तर रुग्ण थांबतो, नंतर सांगितलं तर तो ते सबब समजतो.

ब्रशबद्दल दोन साध्या गोष्टी केल्या. मोठ्या माणसांचा ब्रश मागे जाईना म्हणून लहान डोक्याचा, मुलांचा मऊ ब्रश दिला, आणि हिरडीच्या कडेला तिरका टेकवून हलवायला शिकवला. जिथे फटी झाल्या होत्या तिथे दातांमधून फिरवायचा छोटा ब्रश. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या थोडे दिवसच, पाण्यात पातळ करून, कारण मूळ ताकदीनं त्याच्या गालाची आग होत होती. साखर उतरल्यावर खालचे अगदी सैल झालेले दोन दात काढले.

तोंड उघडण्याचा व्यायाम त्याला स्वतःलाच करायचा होता. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची. पुढचे दात कमकुवत असल्यानं बाजूच्या दातांवर. माल भरून व्हायची वाट पाहत तो गाडीत बसून हे करायचा. ज्या वेळेत खर्रा असायचा, त्याच वेळेत.

खर्रा सोडणं हा सर्वात कठीण भाग होता. पहिल्या दोन आठवड्यांत चिडचिड, डोकं जड, झोप नाही. सैल दात आणि ताठ गाल असताना निकोटिनची चघळायची गोळी नकोच, म्हणून चिकटपट्टी वापरली. तोंडात काहीतरी हवं यासाठी भाजलेली जवस आणि बडीशेप. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर त्याच्याशी मराठीत बोलणारं माणूस मिळालं, त्याचाही आधार झाला. बायकोनं घरातली प्रत्येक पुडी शोधून फेकली. तिच्याशिवाय हे झालं नसतं, असं माझं मत आहे.

मीठी सुपारी

तिसऱ्या महिन्यात तोंड उघडण्याचं अंतर २९ मिमीपर्यंत गेलं होतं. त्यापुढच्या तपासणीत ते २६ भरलं. इंजेक्शनं नीट झाली होती, व्यायाम चालू होता, साखर उतरत होती. मग मागे का आलं?

"खर्रा सोडला का भाऊ?"

"सोडला जी. देवाची शपथ. तंबाखूला हातही नाही लावला."

आणि खिशातून त्यानं प्रामाणिकपणे मीठ्या सुपारीचं पाकीट काढून दाखवलं. तंबाखू सोडायला मदत होते म्हणून ठेल्यावरच्या मित्रानं दिली होती. त्यात तंबाखू नव्हती हे खरं. पण गाल आवळणारी वस्तू तीच होती, आणि वर साखर.

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सरकारी फलकावर तंबाखू, शाळेतल्या भाषणात तंबाखू, चित्रपटाआधीच्या जाहिरातीत तंबाखू. सुपारी लग्नाच्या पंगतीनंतर ताटलीतून फिरते, पाहुण्याला दिली जाते, उपवासाला चालते. मुलांच्या हाती चमकदार पाकिटात जाते. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणारे आम्ही डॉक्टरसुद्धा बहुतेक वेळा 'तंबाखू सोडा' एवढं म्हणून थांबतो. आमच्या दवाखान्यात त्यानंतर केसपेपरवर खर्रा, मावा, पान, मीठी सुपारी आणि पानमसाला वेगवेगळे विचारले जातात. मोठ्या वयाच्या बायकांना गुडाखू (दातांना लावायची तंबाखूची पेस्ट) आणि नस, म्हणजे तपकीर, यांबद्दलही विचारतो, कारण गुडाखूनं दात घासणाऱ्या कितीतरी जणी तंबाखू खात नाही असंच सांगतात.

त्यानं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि व्यायाम पुन्हा सुरू केला.

सहा महिन्यांनंतर

हिरड्यांतून रक्त येणारी ठिकाणं अगदी थोडी उरली. बहुतेक खोल फटी ४ मिमीच्या आत आल्या. गेलेलं हाड परत आलं नाही, येणारही नव्हतं. काढलेल्या दातांच्या जागी काढ-घाल करता येणारा अर्धा संच बसवला. एचबीए१सी ७.३ झालं, त्याचं मुख्य श्रेय औषधाला आणि पथ्याला आहे, हिरड्यांच्या उपचाराला थोडंसं. हिमोग्लोबिन सुधारलं. तोंड आता ३१ मिमी उघडतं. गालातले पट्टे चाचपले की लागतात. ते पूर्ण जात नाहीत, सुपारी सोडल्यानं पुढची वाटचाल थांबते एवढंच हाती असतं, आणि इतकं आवळलेलं तोंड अजून बंद होत गेलं असतं तर शस्त्रक्रिया हाच पर्याय उरला असता. सावजी अजून झेपत नाही, पण फोडणीचं वरण आणि हिरवी मिरची न टाकलेलं पिठलं आगीशिवाय जातं.

चट्ट्याचा लाल भाग गेला, पांढरा फिकट झाला पण आहे. दर तीन महिन्यांनी तो पाहायचा, फोटो काढून आधीच्याशी ताडायचा, आणि घट्टपणा, जखम किंवा लाली दिसली तर पुन्हा तुकडा घ्यायचा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली कोणतीही जखम, मग ती दुखत नसली तरी, डॉक्टरला दाखवायची, हे त्याला आणि बायकोला वेगवेगळं बसवून सांगितलं. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे, आणि सुरुवातीला तो बहुतेकदा दुखत नाही.

या तपासणीला तो सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मुलगा दारातच उभा होता. वडील म्हणाले, "याचंही मोजा मॅडम." मुलाचं अंतर ३४ मिमी निघालं, उजव्या गालाचं अस्तर फिकट होतं आणि तिखट लागतं का विचारल्यावर त्यानं मान हलवली. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे, तरी त्याला कोपऱ्यावरच्या ठेल्यावर खर्रा मिळत होता. एका वर्षापासून चालू आहे असं तो आधी म्हणाला, वडिलांनी त्याच्याकडे पाहिल्यावर दोन म्हणाला. या वयात, इतक्या सुरुवातीला सुपारी सुटली तर आग कमी होते आणि गाल आणखी आवळत जाणं थांबतं, म्हणून त्याला इंजेक्शन नाही, फक्त लोह, व्यायामाच्या काड्या आणि समुपदेशन सुरू केलं. दोघांची पुढची तपासणी एकाच दिवशी ठेवली आहे, आणि दोघांचे आकडे एकाच केसपेपरवर लिहायचे, असं वडिलांनीच सुचवलं.